गिअर पडेना त्या सकाळी

तीन वर्षं वाट पाहिल्यावर दत्तक संस्थेतून फोन आला, तेव्हा आनंदाच्या आधी मला भीतीच वाटली. मुलीला घरी न्यायला बोलावलं होतं. सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या, आणि त्यांचं ते गप्प राहणं मला बोचत होतं. देवीच्या मनात असतं तर माझी कूस उजवली नसती का, हा प्रश्न मात्र माझाच होता. तो मी यजमानांनाही कधी सांगितला नव्हता.

आमचं गाव मुळशी धरणाच्या काठी. निघताना देवीची ओटी भरली आणि मनात म्हटलं, आई, तुझी मर्जी नसेल तर आत्ताच सांग. अकरापर्यंत पुण्याला पोचायचं होतं. यजमानांनी सासऱ्यांच्या वेळची जुनी गाडी काढली. पौडच्या अलीकडे थांब्यावर पुढची एसटी थांबली म्हणून आम्हीही थांबलो. एसटी निघून गेली, आमचा पहिला गिअर काही पडेना. यजमान दांडा रेटत होते आणि आतून नुसती करकर. गिअरची पेटी गेली, असं ते म्हणाले. ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला, तर तो दुपारनंतर येणार होता. मागितलेलं उत्तर मिळालं, असं समजून मी पदराचं टोक मुठीत धरून बसून राहिले.

थांब्यावर एक आजोबा उलट दिशेच्या गाडीची वाट बघत होते. आवाज ऐकून ते काठी टेकत आले. पूर्वी ताम्हिणीपर्यंत वडापची, म्हणजे शिटा भरून नेणारी जीप चालवायचे, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी यजमानांना गाडी बंद करून गिअर टाकायला लावले. सगळे पडले. चालू केल्यावर एकही पडेना.

"मग पेटी बरी हाय," ते म्हणाले. "क्लच पुरता सुटंना झालाय."

त्यांनी गाडी बंद करायला लावली, खाली वाकून क्लचच्या पेडलच्या मागे हात घातला आणि चाचपत एक रबरी मॅट ओढून काढली. बाळ येणार म्हणून परवाच घेतलेली. सरकून दुमडली होती, त्यामुळे पेडल तळाला जातच नव्हतं. यजमानांनी पुन्हा गाडी चालू केली. पहिला गिअर आवाज न करता पडला.

मला रडू कोसळलं. त्या परक्या माणसाला मी सगळं सांगून टाकलं, देवीला काय विचारलं होतं तेही.

"पोरी, देवीला न्हाई म्हणायचं आसतं तर तिनं फोनच येऊ दिला नसता, गाडी कशाला अडवल ती?" आजोबा म्हणाले. "लेकरू वाट बघत आसंल. निघा तुमी."

आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. संस्थेतल्या बाईंनी मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. तिने माझ्या बांगड्या ओढल्या, मग खांद्यावर मान टाकून झोपली. संध्याकाळी सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि काही न विचारता तिला कडेवर घेतलं.

तो चमत्कार होता की नाही, मला ठाऊक नाही. आजोबांचं नावही विचारायचं राहिलं. देवळात गेले की त्यांच्या डोळ्यांसाठी मागणं मागते. देवीच्या मनात काय आहे, हे ओळखायचा नाद मात्र मी सोडला. ते तिचं तिच्यापाशी राहू दे. मी लेक उठायच्या आत दूध कोमट करून ठेवते.