पाठीवरची बटणे

शिवलिंगदाजी गेल्याची बातमी मला त्यांच्या मुलीने, महानंदाने, सकाळी फोनवर दिली. "मामा, अप्पा गेले. चहा पिता पिता गेले… हातातला कप बी सांडला न्हाय," एवढे बोलून ती थांबली आणि मला, का कोण जाणे, पहिला प्रश्न पडला तो त्या कपाचा. तो नंतर त्यांच्या हातातून कुणी काढून घेतला असेल? अशा वेळी असले प्रश्न पडणे बरे नव्हे, हे मला कळते. पण लोहाऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि जे बोलायला हवे ते न बोलता भलत्याच गोष्टीचे निरीक्षण करत राहण्याची सवय अंगवळणी पडली. साठी उलटल्यावर वर्गाबाहेरच्या वाचकांसाठी काही लिहायला मी प्रथमच बसलो आहे. त्यातही जे सांगायचे आहे ते सरळ सांगता येईल की नाही, याची खात्री नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. माकणीचे राहणारे. त्याच दिवशी दुपारी आम्ही त्यांना शेतात नेले. आमच्या समाजात मृताला बसवून नेतात आणि बसवूनच समाधी देतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत केळीचे खांब बांधले होते आणि मधल्या खुर्चीत डोक्याला पटका, कपाळाला विभूती लावून दाजी बसले होते. तोंड वाटेकडे होते. गावाजवळच्या धरणाच्या बाजूने पावसाची भुरभुर सुरू झाली, तेव्हा ट्रॉलीत उभ्या असलेल्या पुतण्याने घाईघाईने छत्री उघडून त्यांच्यावर धरली. मागून चालणारी आक्का तिथूनच ओरडली, "छत्री काढ रं ती! न्हाय आवडत त्यांला."

पुतण्याने छत्री मिटली. मी मात्र चालता चालता थबकलो. या माणसाच्या डोक्यावर छप्पर यावे म्हणून सगळा संसारभर भांडलेली बाई ती हीच होती.

दाजी चासी चालवत. हे काम आता फारसे कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून थोडे सांगतो. कारखान्यातून नवा ट्रक किंवा नवी बस तयार होऊन बाहेर पडते ती उघडी: इंजिन, चाके, स्टेअरिंग आणि मागे लांबच लांब लोखंडी सांगाडा. वर छप्पर नाही, पुढे काच नाही, बाजूला दार नाही. बॉडी दुसऱ्या गावी बांधली जाते आणि ती चासी तिथवर चालवत नेणारी माणसे वेगळी असतात. बसायची फळी ज्याची त्याने आणायची. दाजींची फळी बाभळीची होती, तिच्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा ठोकलेला. पुण्याकडून चार-सहा चासींचा ताफा निघायचा, सोलापूर ओलांडून कधी हैदराबादकडे, कधी नांदेडकडे जायचा आणि चासी पोचती करून दाजी फळी काखेत मारून एसटीने परत यायचे. ऊन, धूळ, थंडी, पाऊस, सगळे थेट अंगावर. ही नोकरी त्यांनी तीसएक वर्षे केली. या काळात केबिन असलेल्या ट्रकवर येण्यासाठी त्यांना तीन-चार वेळा तरी विचारणा झाली आणि दर वेळी ते हसून नाही म्हणाले.

का? हा प्रश्न मला वर्षानुवर्षे पडत आला आणि धीर करून मी तो त्यांना अधूनमधून विचारतही असे. उत्तर दर खेपेला निराळे मिळे. एकदा म्हणाले, "काचंआड बसलं की डोळ्यावर झापड येती, मेव्हणं." एकदा म्हणाले, "चासीवर गावाचा वास कळतो. कुठं गुऱ्हाळ हाय, कुठं सोयाबीन कापलंय, कुठं पाणी हाय… डोळं झाकून सांगतो." मी हे खरे मानले नाही. मग माझ्या शास्त्रीय बुद्धीने स्वतःच एक उपपत्ती बांधली. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या भागातली माणसे कित्येक महिने घरात झोपायला धजत नव्हती, तीच भीती यांच्या मनात घर करून राहिली असावी. एका दिवाळीला मी ती मोठ्या नम्रतेने मांडली. दाजींनी पूर्ण ऐकून घेतली, पानाचा विडा गालात सरकवला आणि आक्काला हाक मारली, "अगं ए, तुझा भाऊ लई शिकलाय बघ. भूकंपाच्या आधी आठ वर्सं मी चासीवर हाय, आन् ह्यो म्हणतो भूकंपानं चासीवर बसलो!" सगळे घर हसले. मीही हसलो. प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला.

आक्काला या 'का'शी देणेघेणे नव्हते. महिन्यातले वीस दिवस नवरा रस्त्यावर आणि आभाळ भरून आले की तिचा जीव थाऱ्यावर नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी लोहाऱ्यातल्या एका शाळेने मुलांना ने-आण करण्यासाठी बस घेतली, तेव्हा आक्काने दहा जणांच्या पाया पडून चालकाच्या जागेचा अर्ज मिळवला. तो तिने स्वतः माझ्या हातात दिला. दाजी ताफ्याबरोबर नांदेडकडे निघाले होते, त्या दिवशी दुपारी तामलवाडीला चहाला थांबणार होते आणि अर्ज संध्याकाळपर्यंत शाळेच्या कार्यालयात पोचायला हवा होता. "तुझं ऐकतील ते," आक्का म्हणाली. "माझं ऐकलं की भांडण हुतं. तू नीट समजावून सांग आन् सही आण. सही घेतल्याबिगर येऊ नको."

तामलवाडीच्या हॉटेलात ताफ्यातले पाचही चालक एका बाकावर बसले होते. तोंडे धुळीने माखलेली, गॉगलपुरती वर्तुळे तेवढी गोरी. मला पाहून दाजींनी जागा केली आणि बाकीच्यांना माझी ओळख करून दिली, "हे आमचं मेव्हणं. बोलत न्हाईत, पण डोक्यात समदं लिहून ठिवतात." चार परक्या माणसांसमोर ही नोकरी सोडा असे त्यांना कसे सांगावे? मी चहा प्यालो. दुसरा चहाही प्यालो. अर्ज सदऱ्याच्या खिशात तसाच राहिला आणि ताफा उठला. "मेव्हणं, आलात कशाला ते तरी सांगा," दाजी म्हणाले. मी म्हणालो, सहजच. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि चासीकडे बोट केले. "बसा मग. तुळजापूरपतूर सोडतो." चासीवर माणूस बसवायची परवानगी नसते, हे मला ठाऊक होते. पण वाटेत दोघेच असू, तेव्हा बोलता येईल, असा हिशेब करून मी चढलो. दाजींनी आपली फळी मला दिली आणि स्वतः एका पालथ्या खोक्यावर बसले.

चासीवरून जग निराळे दिसते, हे मान्य करायला हवे. रस्ता पायाखाली उघडा पळत होता आणि मोजक्याच मिनिटांत मला ओल्या मातीचा, मग कुठल्याशा गोठ्याचा आणि मग खरोखरच कापलेल्या सोयाबीनचा वास आला. मी थक्क झालो. दाजी नुसते भुवया उडवून हसले. मी खिशाला हात लावला, शब्द जुळवले, तोंड उघडले… तेवढ्यात समोरून गार वाऱ्याचा एक झोत आला आणि दाजींनी गाडी कडेला घेतली. पुढच्या-मागच्या चासीही थांबल्या. पाचही जण खाली उतरले आणि रेनकोट चढवू लागले, ते सगळे उलटे. पाठीचा भाग छातीवर, बटणे मागे. मग आळीपाळीने एकमेकांकडे पाठ करून ते उभे राहिले आणि प्रत्येकाने दुसऱ्याची बटणे लावली, लग्नाच्या पंगतीत बसण्याइतक्या सहजतेने. दाजींनी एक जादा रेनकोट माझ्याकडे फेकला. "उलटा घाला, मेव्हणं."

मला ती थट्टा वाटली. भूकंपाच्या उपपत्तीनंतर माझी थट्टा करण्याची एकही संधी त्यांनी सोडली नव्हती. शिवाय पाच जणांसमोर पाठ करून उभे राहायचे आणि कुणाकडून बटणे लावून घ्यायची, हे माझ्याच्याने होईना. मी रेनकोट सरळ घातला, पुढची सगळी बटणे नीट लावली आणि फळीवर बसलो.

पाऊस आला तो समोरून आला. उभ्या माणसावर पडणारा आणि चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या माणसावर येऊन आदळणारा पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सापेक्ष वेगाचा हा धडा मी फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखवला होता. वाऱ्याने माझी वरची दोन बटणे पहिल्या मिनिटातच उघडली आणि पाणी गळ्यातून मांडीपर्यंत पोचले. डोळे उघडवत नव्हते. दाजींनी मान खाली, एका अंगाला घातली होती आणि टोपीच्या काठाखालून ते फक्त रस्त्याची डावी कड पाहत होते. शेजारच्या उघड्या इंजिनावर पाणी पडून वाफ उठत होती. पाय शेकत होते आणि डोके भिजत होते. बोलणे अशक्य होते, तरी मी एकदा ओरडून विचारलेच, "दाजी, दिसतं का हो?" ते मान न वळवता ओरडले, "दिसाया कशाला पायजे? कड हाय की!" आणि मी शपथेवर सांगतो, तो माणूस त्या वेळी आनंदात होता. तुळजापूरचा घाट चढेपर्यंत मी पाऊस विसरून त्यांच्याकडेच पाहत राहिलो. मला इतक्या वर्षांत न मिळालेले उत्तर बहुधा तेच असावे. पण ते शब्दांत मांडायचे म्हटले तर आजही हाती काही लागत नाही.

घाटमाथ्यावर एका पत्र्याच्या शेडखाली आम्ही थांबलो. मी खिशातून अर्ज काढला. त्याचा लगदा झाला होता, शाई ओघळून निळे डाग तेवढे उरले होते. "हे काय?" दाजींनी विचारले. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. मी सगळे सांगितले: शाळा, बस, आक्काची धावपळ, संध्याकाळची मुदत. टोपी काढून त्यांनी पिळली. मग हात पुढे केला.

"पेन हाय का?"

मी पेन दिले. गुडघ्यावर अर्ज ठेवून त्यांनी सहीच्या जागी 'शि' काढला आणि दुसऱ्या अक्षराला कागद फाटला. त्यांनी तो फाटका कागद उलटसुलट करून पाहिला, चुरगळला आणि एकदम हसले. "रेनकोट सरळ घातला न्हवं तुमी? व्हय… मास्तर ते मास्तरच." मग आवाज उतरवून म्हणाले, "आक्काला सांगा, मीच नको म्हणलो. तुमी भिजवला कळलं तर तुमची धडगत न्हाय."

मी तसेच सांगितले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन कोरा अर्ज मागता आला असता. एक दिवसाचा उशीर कदाचित त्यांनी चालवूनही घेतला असता. पण कुणाच्या दारात जाऊन गयावया करणे मला जमत नाही आणि आठवड्याने ती जागा भरली गेली. आक्का त्या दिवसापासून संक्रांतीपर्यंत दाजींशी एक शब्द बोलली नाही. घर नको, बायको नको, रस्ताच हवा, असे नवऱ्याने लेखी कळवल्यासारखे तिने ते मनाला लावून घेतले होते. त्या अबोल्याच्या दिवसांत, अवकाळी पाऊस पडत असताना, मी एकदा माकणीला होतो. दाजी लोहाऱ्याच्या स्टँडवरून लुनावर आले, सवयीने रेनकोट उलटाच होता, आणि ओसरीच्या पायरीशी येऊन आक्काकडे पाठ करून मुकाट उभे राहिले. आक्का उठली. एकेक करून सगळी बटणे काढली, कोट झटकला, खुंटीला टांगला आणि आत गेली. खरे काय ते सांगण्याची तीच वेळ होती. मी चहाचे भांडे न्याहाळत बसलो.

त्यानंतर दाजी दहाएक वर्षे चासीवर होते. एक विचार मला सतत छळत आला. ओल्या कागदावर पेन टेकवले की तो फाटणार, हे मला ठाऊक होते. त्यांना ठाऊक नसेल? सही करायची होती म्हणून त्यांनी पेन मागितले, की आता सही होणार नाही याची खात्री पटली म्हणून? त्यांना हे विचारणे शक्य होते. बाकी सगळे मी विचारले. एवढेच विचारले नाही.

गेल्या आठवड्यात माकणीला गेलो होतो. ओसरीत ती बाभळीची फळी भिंतीला टेकून उभी होती आणि खुंटीला रेनकोट होता. आक्का शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि, सुरुवात कशी केली ते आठवत नाही, पण अर्जाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. माझा सरळ रेनकोट, लगदा, 'शि', आणि मी तिला सांगितलेले खोटे. तिच्या हातातल्या शेंगा थांबल्या होत्या. तिने मला हाकलून दिले असते तरी मी ते रास्त मानले असते.

"पेन कुणी मागितला म्हणलास?" तिने विचारले.

"दाजींनी."

"तू न्हाय दिलास आधी?"

"नाही. त्यांनी हात पुढे केला."

तिने मान हलवली. माझा प्रश्न मी तिच्यापुढे मांडणार होतो, शक्यता अशी आणि शक्यता तशी, पण तिच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच ठरलेले दिसत होते आणि मी तो तसाच ठेवला. तिने राहिलेल्या शेंगा फोडून संपवल्या. मी निघालो तेव्हा पाऊस लागला होता. स्कूटरपाशी पोचतो न पोचतो तोच मागून हाक आली, "थांब की. हात घाल." खुंटीवरचा रेनकोट तिने पुढून माझ्या अंगावर चढवला, मला खांद्याला धरून वळवले आणि पाठीवरची बटणे खालपासून वर लावत गेली. गळ्याजवळचे शेवटचे बटण लावायला तिला जरा वेळ लागला… मग पाठीवर एक थाप मारून म्हणाली, "जा सावकाश. कडंकडंनं."

लोहाऱ्याला पोचेपर्यंत माझ्या सदऱ्यावर थेंबभरही पाणी नव्हते. घरी पोचल्यावर मात्र एक गोष्ट कळली: हा कोट एकट्याला काढता येत नाही. मी दारात पाठ करून उभा राहिलो आणि बायकोला हाक मारली.