परशुरामअण्णांनी पुसलेली तांबडी रेघ

परशुरामअण्णांची आणि माझी ओळख संशयातून झाली. रामनगरच्या जुन्या बाजारात माझे कापूर-उदबत्तीचे दुकान आहे. गिऱ्हाईक नव्या रस्त्याकडे वळले आणि आमच्या ओळीतली बरीच दुकाने बंद पडली. एका सकाळी त्या बंद दारांवर एक गृहस्थ गेरूने रेघा मारताना दिसले. आमच्या जंगलभागात झाड तोडायचे ठरले की त्याच्यावर तांबडी खूण होते. त्यामुळे सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की आता दुकाने पाडणार.

अण्णा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. छापील फलक आल्यावर ते काम थांबले. त्या रेघा आखणीच्या होत्या; उरलेल्या रंगांनी ते बंद दारांवर चित्रे काढणार होते, तेही फुकट. हे ऐकून संशय वाढलाच. मी त्यांना चहा पाजला, तोही त्यांच्यामागे कोण आहे हे काढून घ्यायला. ते म्हणाले, "मागं कोण न्हाई. हाताला सवय हाय."

सर्वांत घाबरल्या त्या शांताअक्का. त्यांचे यजमान शिंपी होते. ते गेल्यावर त्या बंद दुकानाखेरीज अक्कांजवळ त्यांचे काही उरले नव्हते. किल्ली कनवटीला लावून त्या पायरीवर बसल्या. "आज खूण केलीस, उद्या जेसीबी आणशील," म्हणाल्या. अण्णांनी वाद घातला नाही. ओल्या फडक्याने आपली रेघ स्वतः पुसली आणि त्या दिवसापासून गेरूच सोडला. बायका तुळशीपुढे काढतात तशी तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ ते मारू लागले.

शेजारच्या दारांवर फेटे बांधलेल्या धनेश पक्ष्यांची वरात निघाली, पुढे खेकडे ढोल वाजवू लागले. येणारे-जाणारे थांबून हसायचे. अक्का रोज बघून जायच्या. शेवटी त्यांनी विचारले, "माझंच दार का सोडलंसा?"

"तुमी सांगितल्याबिगर न्हाई रंगवणार."

"रंगवा. पर दारावरचं त्यांचं नाव पुसू नका. आणि कुलपाला हात लावू नका."

अण्णांनी ते नाव तसेच ठेवले आणि त्याच्याखाली रंगीत झबली-टोपडी दोरीवर वाळत घातली. कुलपाभोवती बोटभर जागा कोरी सोडली. अक्का अजूनही येता-जाता कुलूप ओढून बघतात, अण्णा समोर उभे असले तरी. मला संकोच वाटतो. अण्णा म्हणतात, "बघू द्या की. दुकान त्यांचं हाय."

यंदा अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सकाळी दुकानात दिवा लावताना मी देवाकडे त्यांच्यासाठी मागतो, की हात थरथरू नये, नजर शाबूत राहावी आणि आमच्या बाजाराचा संशय पुरता फिटेपर्यंत त्यांना आयुष्य मिळावे. आमचा बाजार मी ओळखतो. अण्णा शंभरी सहज ओलांडतील.