गिरणीला मिळालेला एक स्टार

कल्याण पश्चिमेला माझ्या बहिणीच्या नवऱ्याची गिरणी आहे. एका बाजूला पिठाची चक्की, दुसऱ्या बाजूला मिरच्या कुटायचा डंक. नकाशाच्या ॲपवर या गिरणीची नोंद माझ्या भाचीने पुण्याला नोकरीवर जाण्याआधी करून दिली. अशी नोंद आहे, हे त्यानंतर सगळेच विसरले होते. मसाल्याचा हंगाम ऐन भरात असताना ताईचा फोन आला.

"कुणीतरी एक स्टार दिलाय. खाली लिहिलंय, मसाला चांगला, मालक उद्धट. चार लोकांत अपमान केला. तू पेपरातला, उत्तर तूच लिही."

मी ठाण्यातल्या एका दैनिकात बातमीदार आहे. उत्तर लिहिण्याआधी दुसरी बाजू विचारायची, ही सवय. संध्याकाळी गिरणीवर गेलो. भाऊजी चक्कीच्या बेअरिंगमध्ये तेल सोडत होते.

"नक्की काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मिरच्या ओल्या होत्या. म्हटलं, मसाला करायचाय की लोणचं?"

"एवढंच?"

"मग ती म्हणाली, दोन दिवस उन्हात होत्या. म्हटलं, तुमच्या सोसायटीत ऊनपण सेक्रेटरीला विचारून येतं का? लोक हसले. मी नाही हसलो."

बाई मिरच्या परत घेऊन गेल्या, वाळवून पुन्हा आणल्या, कुटून नेल्या. मसाला चांगला झाला. त्यानंतर त्यांनी एक स्टार दिला. घटनाक्रम असा होता. त्यात तक्रार कुठे संपते आणि पावती कुठे सुरू होते, हे मला ठरवता येईना.

भाऊजी सगळ्यांनाच बोलतात. भाजणी कच्ची असली की "ही भाजली की नुसती तव्याला दाखवली?" गहू निवडलेले नसले की "खडे वेगळे दळू का सोबतच?" जुनी गिऱ्हाइकं ऐकून घेतात, उलट दोन शब्द सुनावतात आणि पिशवी ठेवून भाजी आणायला जातात. हे सगळं तीन ओळींच्या उत्तरात कसं बसवायचं, हे कळेना. पहिल्या मसुद्यात मी 'सदर ग्राहक' असं लिहिलं होतं. ताई म्हणाली, हे पोलीस चौकीतून आल्यासारखं वाटतंय. शेवटी 'आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत, पुढील खेपेस आपला अनुभव सुखद व्हावा यासाठी प्रयत्नशील राहू' असं लिहून दिलं. माझ्या वहीत, बातमीत किंवा बोलण्यात हे वाक्य कधी आलं नव्हतं. ते कुठून आलं, सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये उलट प्रकार चालू होता. 'कल्याण पूर्वेत मंगळवारी पाणीपुरवठा बंद' असा मथळा मी दिला. आमचं सोशल मीडियाचं काम पाहणारी मुलगी माझ्यापेक्षा बरीच लहान आहे. ती म्हणाली, "सर, ही बातमी कुणाशीच बोलत नाहीये."

"पाणी येणार नाही एवढं सांगतेय ना?"

"सांगतेय. बोलत नाहीये."

तिने मथळा केला, 'कल्याणकरांनो, बादल्या भरल्यात का?' खाली पहिलीच कमेंट आली, 'तू कोण विचारणारा?' मी ती तिला दाखवली. ती खूश झाली. म्हणाली, बघा, लोक बोलायला लागले.

मला सलगी शिकवली जात होती आणि भाऊजींना अदब. ताईने त्यांना बजावलं होतं, "आता कुणाला काही बोलायचं नाही. या सर, बसा मॅडम, एवढंच. दुसरा स्टार असा आला तर नव्या बिल्डिंगांतलं एक गिऱ्हाईक टिकणार नाही." पलीकडच्या चौकात दुसरी गिरणी निघाली होती, चकचकीत, काचेची. ताईची भीती खरी होती. भाऊजींनी हुज्जत घातली नाही.

पुढच्या शनिवारी मी तिथे असताना टिटवाळ्याच्या एक काकू आल्या. दरवर्षी वर्षाचा मसाला इथूनच कुटून नेतात. आधीची राहती जागा गिरणीमागच्या चाळीत, म्हणून.

"या मॅडम," भाऊजी म्हणाले.

काकूंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "मॅडम कोणाला म्हणतोस रे? गिरणी विकलीस की काय?" मग ताईकडे वळून हळूच म्हणाल्या, "बीपी-बिपी वाढलंय का याचं?"

भाऊजींनी पिशवीत हात घातला. एक मिरची काढून मुडपली. ती मोडली नाही, वाकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं.

"ठीक आहे मॅडम," म्हणाले आणि डंक सुरू केला.

पंधरा-वीस दिवसांनी काकू पुन्हा आल्या. मी गिरणीतच होतो. त्यांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून डंकाशेजारी ठेवला. मसाल्याच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि वर पांढरी बुरशी धरली होती. कुबट वास सगळ्या गिरणीत पसरला. भाऊजींनी चक्की बंद केली.

"मिरच्या ओल्या होत्या?" काकूंनी विचारलं.

"होत्या."

"तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"बोललं की लोक मोबाइलवर लिहितात, काकू."

"मी काय मोबाइलवर वाचून येते तुझ्याकडे? तू ओरडला नाहीस, म्हणून मी समजले मिरच्या वाळल्यात. नाहीतर आणखी दोन दिवस घातल्या असत्या गच्चीवर."

ताईने डबा उचलला आणि मागच्या दारी नेऊन ठेवला. भाऊजी मला म्हणाले, "आता यांना काय उत्तर लिहितोस?" ते चिडवत नव्हते. मी खरोखर विचार केला. दिलगीर आहोत हे वाक्य आठवलं, पण ते ज्या गोष्टीसाठी वापरलं होतं तिच्या बरोबर उलट गोष्टीसाठी पुन्हा वापरावं लागलं असतं.

"मिरच्या मी आणतो," भाऊजी काकूंना म्हणाले. "वाळवतो पण मीच. तुमच्या गच्चीवर भरवसा नाही."

"आता कसा बोललास," काकू म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

तेवढ्यात एक तरुण बाई पिशवी घेऊन आल्या. नव्या गिऱ्हाईक होत्या. भाऊजींनी हात घातला, मिरची मुडपली. वाकली. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने एकदा मागच्या दाराकडे पाहिलं, मग मान हलवली. बोला.

"मॅडम," भाऊजी म्हणाले आणि अडले. कोणत्या आवाजात बोलायचं, हे त्यांनाच ठरेना. "मॅडम, या मिरच्या आहेत की भेंड्या?"

काकू हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला. ताई माझ्याकडे पाहू लागली, मी त्या मोबाइलकडे. बाई स्क्रीनवर बोट फिरवत राहिल्या, मग त्यांनी मोबाइल कानाला लावला.

"ऐक, वॉचमनकडून गच्चीची चावी मागून ठेव," त्या कुणालातरी सांगत होत्या. "नाही, मसाला नाही झाला. इथला माणूस विचित्र आहे."

पिशवी उचलून त्या गेल्या. घरी जाऊन त्यांनी काही लिहिलं का, हे ताई अजून रोज पाहते.