पाठ होतं, वाचता येत नव्हतं

दुसरीत आम्हाला नव्या बाई आल्या. डिलाईल रोडवरच्या आमच्या मुलींच्या शाळेत तोवर परीक्षा दोनच, सहामाही आणि वार्षिक. या बाई मात्र दर शनिवारी वाचन घेत आणि दहापैकी मार्क देत. मला नेहमी दहा, म्हणून वर्गात पहिला नंबर.

थोरली बहीण रोज मला धडा मोठ्याने वाचून दाखवी. दोनदा ऐकला की तो मला पाठ होई. शनिवारी पुस्तक धरायचं, ओळींवरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं. आपण फसवतोय असं कधी मनातही आलं नाही. वाचणं म्हणजे हेच, अशी माझी पक्की समजूत.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. हरताळामुळे बंद राहिलेली शाळा शनिवारी उघडली. येताना बाईंच्या हातात कुणीतरी सभेचं पत्रक दिलं होतं. तेच त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि वाचायला सांगितलं.

वरची ठळक ओळ मी खणखणीत म्हटली. ती घोषणा चाळीच्या भिंतीवर रंगवलेली होती आणि रोज कानावरही पडायची. खाली बारीक अक्षरं होती. 'क' ओळखला, 'म' ओळखला, पण त्यांचा शब्द काही होईना. मी घाबरले असेन असं वाटून बाईंनी पुस्तक उघडलं आणि मला दहा मिळालेल्या धड्यातला मधलाच शब्द दाखवला. तोही येईना.

बाई खुर्चीत बसल्या. मी मार खायला हात पुढे केला, पण त्यांनी तो खाली केला. मग एकेकीला तसंच मधून वाचायला लावलं. माझ्यासारख्या नऊ जणी निघाल्या.

त्या संध्याकाळी बाई आमच्या खोलीवर आल्या. गिरणीतून नुकतेच आलेले बाबा सगळं ऐकून बाईंना म्हणाले,

"मगे पैलो नंबर कसो इलो?"

"मी दिला म्हणून," बाई म्हणाल्या. "इतके शनिवार मी तिचं पाठांतर तपासत होते."

मोठं माणूस, तेही बाई, आपली चूक कबूल करतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आईने चहाचा कप बाईंच्या हातात दिला.

सोमवारपासून मार्क बंद झाले. शाळा सुटल्यावर आम्ही नऊ जणी थांबायचो. बाई रोज न पाहिलेली एक ओळ पुढे ठेवत आणि कोण कुठे अडली ते वहीत टिपून दुसऱ्या दिवशी तेवढंच घेत. मी जोडाक्षरांवर अडायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी मी एक अख्खा परिच्छेद अडखळत वाचला.

बहिणीला मात्र धडे वाचून दाखवायची सक्त मनाई झाली होती. त्याचा राग मी कितीतरी दिवस बाईंवर धरला.