आधी सगळ्यांना जेवू दे

मरोळच्या चाळीत माझी एक ख्रिस्ती मैत्रीण आमच्या समोरच्या खोलीत राहायची. नाताळच्या जेवणाची तयारी पंधरा दिवस आधीच सुरू करायची आणि वर मलाच म्हणायची, "आरामात करू गं, घाई कसली?" हात मात्र तिचे कधी थांबले नाहीत.

त्या वर्षी तिचा मुलगा आखातात तेलाच्या जहाजावर होता. तिकडे लढाई चाललेली, जहाजांवर बॉम्ब पडायचे, आणि दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. नाताळच्या सकाळी तारवाला आला. आम्हा चाळीतल्यांना तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच ठाऊक. ती नाताळचे फुगे, मैद्याचे गोलगोल वडे, तळत होती. तिनं सही केली आणि न फोडताच तार माझ्या हातात दिली.

"ठेव तुझ्याजवळ. भाऊ वर्षानं जेवायला येतोय. आधी सगळ्यांना जेवू दे."

"अगं, पण..."

"पण नाय नि बिण नाय. फुगे काढून घे."

मी तार पोलक्यात खोचली. दोन तास ती पाहुण्यांना आग्रह करत होती. "पोट सुटलंय रे तुझं, तरी घे," म्हणून भावाची थट्टासुद्धा केली. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

सगळे गेल्यावर तिनं हात धुतले, पुसले आणि म्हणाली, "वाच."

मला इंग्रजी जेमतेम येतं, पण तेवढं आलं. जहाजावरून उतरलो, उद्या घरी पोचतो.

तिनं उठून मटणाच्या टोपावरचं झाकण काढलं, आत बघत राहिली.

"त्याच्यासाठी काहीच नाय ठेवलं गं मी," म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडायला लागली.