न घेतलेला नवस

दाराशी यायचा, चपला काढायचा आणि उंबऱ्याबाहेर थांबून विचारायचा, "बोलू का?" दार सताड उघडं असलं तरीही. आमच्या लालबागच्या चाळीत असं विचारणारा तो एकटाच. बाकी आम्ही सगळे एकमेकांच्या घरात थेट चुलीपर्यंत जाणारे.

गिरगावच्या ख्रिस्ती वाडीतला हा माणूस आई वारल्यावर आमच्या शेजारच्या खोलीत आला. शिवडीच्या गोदामात टायपिस्ट होता. लग्न केलं नव्हतं. रविवारी इस्त्रीचा कोट घालून चर्चला निघायचा, म्हणून चाळ त्याला 'पाद्री' म्हणायची. तोही खुशाल ओ द्यायचा.

गणपतीत कुणीतरी त्याच्या हाती झांजा दिल्या. "वाजवतो. पण आरती म्हणणार नाही हां, रागावू नका," म्हणाला. आणि असा रंगला, की आरती संपली तरी ह्याच्या झांजा चालूच.

पलीकडच्या चाळीतल्या त्याच्या मित्राच्या घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा मी त्याला डिवचलं. "काय रे, तुमच्यात का नाही ओढलंस त्यांना?"

"ओढायचं काय? पेढे घेऊन गेलो होतो मी," तो म्हणाला. "माझ्या देवाबद्दल कुणी विचारलं, तर तासन् तास सांगेन. पण विचारलं तर."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. अशांचं कौतुक करणं सोपं असतं, त्यांच्यावर वेळ येईपर्यंत.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते. आमच्याच मजल्यावरच्या सावंतकाकी विधवा. एकुलता एक मुलगा गिरणीत साच्यावर कापड विणायचा. तो मोर्चाला गेला आणि गोळीबारात पोटात गोळी लागली. परळच्या इस्पितळात डॉक्टर धड काही सांगेनात. वर कर्फ्यू. तो उठला की धावत जायचं, पुन्हा लागायच्या आत परतायचं.

एका दुपारी मी पाद्रीच्या खोलीत बसलो होतो. काकी आल्या आणि त्याच्या पायांवरच कोसळल्या.

"तुझ्या देवाक सांग रे, माझ्या झीलाक वाचव. गावचो रवळनाथ ऐकणा नाय. माझो झील उठलो, तर आम्ही दोघांय तुझ्या धर्मात येतंव."

तो पांढराफटक पडला. काकींसमोर जमिनीवर बसला.

"काकी, मी त्याला सांगतोच आहे. पण हे कबूल करू नका. पोरासाठी आज तुम्ही काहीही द्याल. असं घेतलेलं माझ्या देवाला नको."

"तुझो देव फुकट ऐकता?"

"ऐकतो, काकी."

मग काकींनी रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, आवाज फाटेस्तोवर. शेजारी हा जपमाळ घेऊन, ओठ हलवत. मी दोघांकडे पाहत राहिलो. कुणाला हाक मारावी, मला कळेना.

संध्याकाळी निरोप आला. मुलगा गेला होता.

काकी गॅलरीत येऊन ओरडल्या, "ह्येनी मागूक नाय! माझो नवस घेवक नाय, म्हणान माझो झील गेलो!" सगळी चाळ ऐकत होती. तो दारात मान खाली घालून उभा राहिला.

त्यानंतर तो दिसला की काकी दार लावून घेत. नळावर बायका कुजबुजत. शेवटी मीच म्हणालो, "अरे, नुसतं हो म्हणाला असतास. बाईला तेवढाच धीर आला असता."

"आला असता. आणि संध्याकाळी पोरही गेलं असतं, रवळनाथही." मग हळूच म्हणाला, "तरी झोप येत नाही रे. वाटतं, घ्यायला हवा होता का?"

महाराष्ट्र झाला तेव्हा सगळं लालबाग दिव्यांनी उजळलं. आमच्या मजल्यावर दोनच दारं अंधारात होती. चाळ रोषणाई बघायला खाली गेली होती. माझा पाय मुरगळलेला, म्हणून मी खिडकीशी होतो. तो गॅलरीत भिंतीला टेकून बसला होता. काकी बाहेर आल्या आणि कितीतरी वर्षांनी त्याच्यापाशी थांबल्या.

"खरांच मागलंस?"

"हो, काकी."

"मग?"

खाली फटाके फुटत होते.

"मलाही नाही दिलं त्यानं," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा मोठ्यानं रडायला लागला.

पुढे तो वसईला बहिणीकडे गेला, तो परत आला नाही. मला मात्र तो अजून तिथंच दिसतो, गॅलरीत, रडताना. आणि त्याच्या शेजारी भिंतीचा आधार घेत, सावकाश खाली बसणाऱ्या काकी.