नाश्ता किती दिवस कराल?

हॉटेलच्या काउंटरमागे एक खोका असतो, पाहुणे खोलीत विसरून गेलेल्या वस्तूंचा. एका पायाचा मोजा, चष्मा, कवळी, कुणाच्या तरी पोराचा एक कान तुटलेला ससा. तीन महिने वाट बघायची. कुणी मागायला आलं नाही तर वस्तू काउंटरवरच्या माणसाची. किश्श्यांचंही तसंच होतं. ज्यांचे असतात ते विसरून निघून जातात आणि खोका आपल्याकडे भरत राहतो. दीड वर्ष अमेरिकेतल्या एका हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर उभा राहून आलो, तेव्हापासून जळगावातला एकही मित्र किस्सा ऐकल्याशिवाय मला चहा पाजत नाही. म्हणून एकदाचे सांगून टाकतो. खोका रिकामा!

आधी गेलो कसा, ते. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. घरी केळी आणि कापूस. मी जळगावला बी.कॉम. केलं आणि पुण्याला हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा. वडिलांना, म्हणजे आबांना, हे अजिबात पसंत नव्हतं. "लोकेसनं उष्टं उचलाले इतलं शिकना का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. माझी बहीण इंटरव्ह्यूला धुळ्याला गेली तेव्हा एकटी बाई म्हणून तिला तीन लॉजनी खोली नाकारली होती. रात्र तिने एसटी स्टँडवर बसून काढली. एकटी बाई आली तरी खोली मिळेल आणि नावावरून कुणी जात हुंगणार नाही, असं हॉटेल मला जळगावात काढायचं होतं. त्यासाठी काम नीट शिकायचं होतं. एक्स्चेंज व्हिसावर अमेरिकेतल्या हॉटेलात ट्रेनिंगची जागा मिळाली. अट एकच. ट्रेनिंग संपलं की मायदेशी परत.

व्हिसाच्या खिडकीतल्या साहेबाने विचारलं, तुम्ही परत याल हे कशावरून? मी बहिणीची गोष्ट इतक्या तावातावाने सांगितली की मागची रांग पुढे सरकून ऐकू लागली. साहेबाने शिक्का मारला. ज्याने मला जन्मात पाहिलं नव्हतं त्याने दोन मिनिटांत विश्वास ठेवला. आणि ज्या गावाने मला नागडा खेळताना पाहिलं, त्या गावात कुणीही ठेवला नाही! पारावर नथ्थूनाना म्हणाले, "गयेल मानूस अन् वाहेल पानी माघारी येस का?"

आबा चोपड्याच्या स्टँडवर पोचवायला आले होते. बस हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "जाय, सुखे जाय. पन परत येसू असं बोलीसन आमले आशा लावू नको."

मला बसमध्ये जळगावपर्यंत राग येत होता. तो राग बरोबर घेऊनच मी अमेरिकेत उतरलो.

*

हॉटेल मिनेसोटा राज्यातल्या एका लहान शहरात होतं. फ्रंट डेस्कची मुख्य लिंडा. पन्नाशीची, आवाज घोगरा, हातात कायम कॉफीचा मग. तिने पहिल्या दिवशी काम शिकवलं. पाहुणा आला की हसायचं, नाव विचारायचं, मग विचारायचं, आपण कधी जाणार?

मला सगळं जमलं. शेवटचा प्रश्न जमेना. पाहुणा दारात उभा आहे, अंगावर बर्फ, हातात बॅग, आणि त्याला म्हणायचं, जाणार कधी? आमच्याकडे शत्रूलासुद्धा असं विचारत नाहीत. रजिस्टरमधली तेवढी जागा मी कोरी ठेवत गेलो.

एका शुक्रवारी हॉकी खेळणाऱ्या शाळकरी पोरांची आख्खी टीम येऊन उभी राहिली. कुठली खोली रिकामी होणार, कुणालाच ठाऊक नाही. लिंडाने मला आत बोलावलं. मी तिला समजावून सांगितलं, की आमच्या भागात पाहुण्याला कधी जाणार असं विचारलं तर तो भरल्या ताटावरून उठून चालता होतो.

लिंडाने कॉफीचा घोट घेतला. "उत्तम. असे मला आत्ता सोळा पाहुणे हवेत."

*

त्यानंतर मी एक वाट काढली. पाहुण्याला आदबीने विचारायचो, "आमच्याकडे नाश्ता किती दिवस कराल?" कुणी म्हणायचं तीन, कुणी म्हणायचं दोन. मी मनात हिशेब करून तारीख टाकायचो. पाहुण्यांनाही बरं वाटायचं. एकीने तर लिंडाला सांगितलं, इतक्या हॉटेलांत राहिले, पण माझ्या खाण्याची काळजी पहिल्यांदा कुणी केली.

मग एक जण आला आणि म्हणाला, "मी नाश्ता करत नाही."

माझं पेन तारखेच्या रकान्यावर अडकलं. पाठीमागून लिंडाचा आवाज आला, "याला आत्ताच बाहेर काढायचं का?"

*

आमच्या भुसावळच्या मामांना मी हा पुढचा किस्सा सांगितला तेव्हा त्यांनी मला जवळ घेऊन पाठ थोपटली. इतर कुणी थोपटली नव्हती.

मामा रेल्वेत ड्रायव्हर. शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्या क्वार्टरमध्ये काढल्या. ड्रायव्हरला ड्यूटीसाठी उठवायला कॉल बॉय यायचा. सायकल टेकवून कडी वाजवायचा, आणि मामा स्वतः बाहेर येऊन त्याच्या वहीत सही करीपर्यंत जागचा हलायचा नाही. आतून "उठलो रे" म्हटलेलं त्याला चालत नसे. झोपेत माणूस काहीही म्हणतो.

अमेरिकेत पाहुण्याला उठवायचं ते फोनवर. डेव्हिड नावाचा एक सेल्समन होता, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा. पहाटे फोन केला, "थँक यू" म्हणाला, परत झोपला आणि त्याचं विमान चुकलं. काउंटरवर येऊन माझ्यावर ओरडला. ओरडू दे. पण दुसऱ्या पहाटे उठवायला त्याने पुन्हा सांगून ठेवलं, तेव्हा मी फोनला हात लावला नाही. वर गेलो आणि दार वाजवत राहिलो. आतून "उठलो" आलं. वाजवत राहिलो. शिव्या आल्या. वाजवत राहिलो. शेवटी चड्डीवरच त्याने दार उघडलं. मी पॅड आणि पेन पुढे केलं. "सही. आमच्या रेल्वेत असंच उठवतात."

त्याने केली! त्या मजल्यावरच्या आणखी चार खोल्यांची दारं उघडली होती, ते सोडा.

लिंडाकडे पाच तक्रारी गेल्या. पुढच्या महिन्यात डेव्हिड परत आला. चावी घेताना तिला म्हणाला, "पहाटे तो रेल्वेवाला पाठव. माझ्या बायकोलाही इतकं जमत नाही."

*

एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि माझ्या खांद्यावरून लिंडाला विचारलं, इथलं कुणी आहे का?

माझं डोकं तापलं. उत्तर तयार होतं, चांगलं लांबलचक, समतेवरचं. लिंडाने मान वर न करता सांगितलं, "हा इथलाच आहे. पाच वाजेपर्यंत."

*

दुसऱ्या एका पाहुण्याने माझा व्हिसा कुठला ते विचारलं. एक्स्चेंज म्हटल्यावर तो विचारात पडला. "मग तुझ्या बदल्यात तुमच्या गावी आमचं कोण गेलंय?"

कुणीच नाही, मी म्हणालो.

"म्हणजे आम्ही तुमचं एक माणूस देणं लागतो."

मी म्हटलं, काळजी नको. तेच माणूस परत करायचंय. तो हसला. गावातले हसायचे अगदी तसाच.

*

आबा महिन्यातून एकदा चोपड्याला जाऊन आयएसडी बूथवरून फोन करायचे. एकदा मी बर्फ उपसायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर लिंडा रिसीव्हर कानाला लावून उभी. अधूनमधून "येस", "ओह", "ऑफ कोर्स". मला पाहून तिने बोट वर केलं, थांब. मग म्हणाली, "बाय, आबा." मी पोचेपर्यंत फोन बंद.

मी घाबरलो. काय म्हणाले?

"ठीक आहेत. पिकाला वाऱ्याने काहीतरी झालंय. तू जेवतोस का विचारत होते."

आबांना इंग्रजीचा गंध नाही आणि लिंडाला मराठीचा. तुला कसं कळलं, मी विचारलं. तिने खांदे उडवले. तिचा मुलगा अलास्काला होता.

पुढच्या महिन्यात आबांनाच विचारलं. वादळात केळीचा अर्धा बाग आडवा झाला होता, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, आबा, त्या बाईला काय कळणार?

"बाई भली शे," आबा म्हणाले. "मन्हं बठ्ठं ऐकी लिधं. गावमा इतलं कोन आयकस?"

*

ट्रेनिंग संपत आलं तेव्हा मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. काम आवडलंय, कंपनीचा वकील व्हिसाचं बघेल, राहणार का? विचार करून लिंडाला सांग.

खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं. तरी मी दोन दिवस काही बोललो नाही. खोलीला हीटर होता, पगार वेळेवर होता, आणि गावात कुणाचीही माझ्याबद्दल काही अपेक्षा नव्हती. परत गेलो नसतो तर एकाही माणसाचा अपेक्षाभंग झाला नसता. या गोष्टीचाच मला सगळ्यात जास्त संताप येत होता.

पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या लावणं लिंडाचं काम. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिली, माझ्यापुढची जागा कोरी ठेवली. दीड वर्ष जिने माझ्याकडून एकच प्रश्न घोकून घेतला ती बाई खडू हातात धरून फळ्याकडे बघत उभी. मग माझ्याकडे न वळता म्हणाली,

"नाश्ता इथे अजून किती दिवस करशील?"

"शनिवारपर्यंत," मी म्हणालो.

तिने ते लिहिलं. अक्षर बरंच वाकडं आलं.

*

गावात पोचलो. सगळी गल्ली जमली. बर्फ कसा असतो, पगार किती होता, ती फोनवाली बाई दिसायला कशी, सगळं विचारून झालं. कधी जाणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीच सांगत सुटलो, की मी कायमचा आलोय. नथ्थूनानांनी मान डोलावली. "पहिला आठ दिन बठ्ठासलेच तसं वाटस."

घरी माझ्यासाठी ओटीवरच्या खोलीत खाट टाकली होती, कोरी चादर घालून. आई मला तांब्याही भरू देईना. तू बस, तू दमून आलास. दुपारी शेव भाजी, रात्री पुन्हा गोडाधोडाचं. आबा समोर बसून, ताटात काय हवं नको बघायचे. मी वावरात यायला निघालो की म्हणायचे, ऊन फार शे, ऱ्हाऊ दे. पाहुण्याशी बोलावं तसं माझ्याशी सगळे जपून बोलायचे. आठ दिवस झाले, पंधरा झाले. जळगावला जागा बघून आलो, तरी चादर रोज बदलली जात होती.

एका पहाटे खोलीचं दार वाजलं.

"ऊठ रे. लाईट उनी."

आबांचा आवाज. वीज आली होती, मोटर चालू करून केळीला पाणी द्यायचं होतं. मी झोपेतच "हो, उठलो" म्हटलं आणि कूस बदलली. दार वाजत राहिलं. पुन्हा "उठलो" म्हटलं. वाजत राहिलं. कडी काढली तेव्हा आबा दोन फावडी घेऊन उभे. एक त्यांनी माझ्या हातात दिलं. मी चपला शोधायला लागलो.

"चप्पल कसाले? चिखल शे."

मी उंबऱ्याबाहेर पाय ठेवीपर्यंत ते दारातून हलले नाहीत. मग पुढे चालायला लागले आणि चालता चालता, मागे न बघता म्हणाले,

"या हप्तामा पहाटनी लाईट शे. पुढला हप्तामा रातनी. ती पाळी आते तुन्ही."